जायकवाडीचं पाणी कुणी ‘पळवत’ नाही

पाऊस रुसला की नाशिक-नगरकडे एकच मजकूर मोबाइलवर फिरतो: ‘धरणं आमची, पाणी आमचं. मराठवाडा ते दरवर्षी पळवतो. खरिपात उधळतो, मग पुन्हा मागतो. सोडलेलं पाणी तर वाटेतच मुरतं.’

‘पाणी आमचं’ म्हणताना नदी विसरली जाते. गोदावरी, दारणा, प्रवरा, मुळा यांचं पाणी पैठणला जातं, आणि तिथलं जायकवाडी धरण 1976 पासून उभं आहे. भावली, वालदेवी, निळवंडे ही वरची धरणं नंतर झाली. राज्याच्या 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्याचं कलम 12(6)(ग) सांगतं की, तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतल्या वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी ऑक्टोबरअखेर साधारण सारखी असावी. हा कायदा विधिमंडळानं केला, आणि तिथे नाशिक-नगरचे आमदारही होते. मुंबई उच्च न्यायालयानं 2016 मध्ये समन्यायी वाटप उचलून धरलं.

दरवर्षी? 2019 ते 2022 अशी सलग चार वर्षं जायकवाडी भरलं, वरून मागावं लागलं नाही. 15 ऑक्टोबरला साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तरच वरून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे ही रेषा पन्नास टीएमसीच्या आसपास.

खरिपात उधळल्याचा आरोप तर हिशेबच न वाचता केलेला आहे. त्या 65 टक्क्यांत खरिपाचा वापर धरलेला असतो. जायकवाडीनं पावसाळ्यात जे वापरलं, ते त्याच्याच खात्यावर पडतं.

‘ते पाणी उसाला जातं’ म्हणणारे खरं बोलतात. मराठवाड्यातल्या उसाची बाजू मी घेणार नाही. पण प्रवरेच्या काठावर, उसाच्याच शेतात बसून तो आरोप करणं मला पटत नाही.

पाणी मुरतं, हेही खरं, आणि ते दुखतं. म्हणूनच ते लवकर, एकदम, मोठ्या विसर्गानं सोडायचं असतं. पात्रातल्या बंधाऱ्यांच्या फळ्या आधी काढायच्या, काठावरच्या उपशाची वीज बंद ठेवायची. 2023 मध्ये 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश 30 ऑक्टोबरला निघाला. विरोध, आंदोलनं, कोर्टाच्या फेऱ्या झाल्या आणि पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. तोवर पात्र आणखी वाळलं होतं. मुरलेल्या पाण्याचा हिशेब मागणाऱ्यांनी त्या तीन आठवड्यांचाही द्यावा.