‘मग पहिल्याच दिवशी ऑपरेशन का नाही केलं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला सांगू? दुसऱ्यांदा मोतीबिंदूनंतरच्या डोळ्यातल्या संसर्गावरचा माझा मूळ लेख शेजारी उघडून ठेवला, तेव्हा तुम्ही ज्या वाक्यावर बोट ठेवलंय ते खरोखरच लंगडं आहे हे दिसलं.

इतर वाचकांसाठी थोडक्यात. ही प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी डोळा लाल झाला, ठणकू लागला, नजर गेली. डोळ्याच्या आत पू झाला होता. डॉक्टरांनी डोळ्यात अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, तीन दिवस वाट पाहिली आणि मग व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातली संसर्ग झालेली जेली काढण्याचं ऑपरेशन, केली. आता त्या डोळ्याला फक्त उजेड कळतो. त्यांचं म्हणणं असं, की अशा सगळ्यांचं लगेच ऑपरेशन करायला हवं, आणि “हाताची हालचाल दिसत असेल तर इंजेक्शन पुरतं” असं लिहून मी व्यवसायबंधूंना पाठीशी घातलं.

ते वाक्य माझ्या मनचं नव्हतं. ते आलं एका जुन्या, मोठ्या अभ्यासातून. अमेरिकेतल्या 24 केंद्रांवर 420 रुग्णांवर तो झाला आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. मोतीबिंदूच्या किंवा नंतर लेन्स बसवण्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत ज्यांच्या डोळ्यात संसर्ग झाला, त्यांचे दोन गट केले. एका गटाची लगेच व्हिट्रेक्टॉमी, दुसऱ्यात तपासणीसाठी थोडा द्रव काढून घेणं. डोळ्याच्या आत इंजेक्शन मात्र दोघांनाही, हे विसरू नका. इंजेक्शन म्हणजे ऑपरेशन टाळण्याची पळवाट नव्हे. व्हिट्रेक्टॉमी केली तरी ते द्यावंच लागतं. शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकचा त्या अभ्यासात वेगळा फायदा दिसला नाही. रक्त आणि डोळ्याचा पडदा (रेटिना) यांच्यामध्ये शरीराने स्वतःच भिंत घालून ठेवली आहे, औषध तिथेच अडतं.

निकाल असा. फक्त उजेड कळत होता अशांमध्ये लगेच ऑपरेशन केलेल्यांपैकी 33 टक्क्यांना 6/12 (निरोगी डोळा 12 मीटरवरून वाचतो ते 6 मीटरवरून वाचता येईल इतकी) किंवा त्याहून चांगली नजर मिळाली, इंजेक्शनवरच्यांपैकी 11 टक्क्यांना. नजर जवळजवळ पूर्ण जाण्याचं प्रमाण 47 टक्क्यांवरून 20 वर आलं. हाताची हालचाल किंवा त्याहून जास्त दिसणाऱ्यांत मात्र दोन्ही गट सारखेच निघाले. माझं वाक्य इथून उचललेलं.

आता ते लंगडं कुठे आहे ते सांगते.

‘हाताची हालचाल दिसते’ हे ठरवायचं कसं, याची त्या अभ्यासात शिस्त होती. उजेड रुग्णाच्या मागून, हात दोन फुटांवर, आणि उत्तर पुन्हा पुन्हा बरोबर यायला हवं. प्रत्यक्षात रात्री अकरा वाजता घाईत काय होतं? कुणीतरी समोरून टॉर्च मारतं आणि त्यापुढे हात हलवतं. रुग्णाला हात दिसत नाही, सावली हलल्याचं कळतं. तो ‘हो’ म्हणतो आणि कागदावर त्याची नजर एक पायरी वर चढते. जो ऑपरेशनच्या गटात जायला हवा, तो इंजेक्शनच्या गटात जातो. हे मी लेखात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

दुसरं, इंजेक्शनवर ठेवलेल्यांना त्या अभ्यासात नुसतं बसवून ठेवलेलं नव्हतं. दीड ते अडीच दिवसांत पुन्हा पाहून, डोळा बिघडत असेल तर पुढची पावलं उचलायची असं आधीच ठरलेलं होतं. ‘इंजेक्शन द्या आणि वाट पाहा’ यातला पहिला अर्धा भाग अभ्यासाचा. दुसरा अर्धा आम्ही आमच्या सोयीने ताणला.

तिसरं, त्या अभ्यासातली व्हिट्रेक्टॉमीची यंत्रं 1990 च्या सुमाराची. आज छिद्रं बारीक झाली, कापण्याचा वेग कितीतरी वाढला, म्हणून बरेच पडद्याचे सर्जन पूर्वीपेक्षा लवकर ऑपरेशनकडे वळतात. आणि काचबिंदूच्या ऑपरेशननंतर संसर्ग झालेल्यांना तर तो निकाल लागूच होत नाही. ते त्या अभ्यासात नव्हतेच. तिथे जंतू बहुधा जास्त आक्रमक असतात.

पण एका बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. ‘सगळ्यांचं लगेच ऑपरेशन करा’ हे म्हणायला सोपं आहे. व्हिट्रियस म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे जंतूंना तिथे रान मोकळं. तो काढला की पू, जंतू आणि त्यांनी सोडलेली विषं एकदमच बाहेर येतात, शिवाय कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, भरपूर नमुना मिळतो. हे सगळं खरं. पण सुजलेल्या डोळ्यात बुबुळ गढूळ असतं, सर्जनला आतलं धड दिसत नाही, आणि पडदा भिजलेल्या कागदासारखा झालेला असतो. जेली जोरात ओढली की तो फाटतो. म्हणून अशा डोळ्यात कधी कधी मधला भाग साफ करून थांबणं हीच हुशारी असते. मी स्वतः एकदा थांबले नाही. त्या पेशंटला पुढे पडदा सुटल्याचं ऑपरेशनही करावं लागलं.

तुमच्या वडिलांचा डोळा पहिल्या दिवशीच्या ऑपरेशनने वाचला असता का? वरचाच आकडा पुन्हा पाहा: लगेच ऑपरेशन होऊनही 20 टक्क्यांची नजर जवळजवळ पूर्ण गेलीच. जंतू कोणता होता यावर फार अवलंबून असतं. त्वचेवर नेहमी असणारा साधा स्टॅफिलोकोकस असेल तर डोळा बऱ्याचदा सावरतो. स्ट्रेप्टोकोकस असेल तर काही तासांत पडद्याची वाट लागते. म्हणून कल्चरचा रिपोर्ट आणि भरतीच्या दिवशी नजर किती नोंदवली होती तो कागद, हे दोन्ही मागून घ्या. ते मिळवणं हा तुमचा हक्क आहे. त्या तीन दिवसांत डोळा कितीदा तपासला गेला, हेही त्यातच दिसेल. तो प्रश्न विचारणं मला रास्त वाटतं.

शेवटी तुम्ही लिहिलंत, की आता बाबा दुसऱ्या डोळ्याला हात लावू देत नाहीत. त्यांची भीती मी समजू शकते. तरी एवढं त्यांना सांगा: आधी पापण्यांची सूज आणि अश्रुपिशवीतला संसर्ग तपासून घ्यायचा, असेल तर तो बरा होईपर्यंत ऑपरेशन नाही. टेबलावर डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक घालून पुरेसा वेळ थांबायचं. आणि ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडणार का, हे आधीच विचारायचं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात सेफ्युरोक्झिम हे अँटिबायोटिक असं सोडल्यावर संसर्गाचं प्रमाण साधारण पाचपटीने कमी झालं होतं.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललंय. जुनं वाक्य खोडलेल्या रूपात तसंच ठेवलंय, म्हणजे काय चुकलं होतं ते दिसत राहील.