तात्यांचा खोकला आणि विज्याचा ग्लास

तात्या खोकायला लागले की सदा टपरीवरचा स्टो बारीक करतो. तेवढा वेळ कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, ऑर्डर तरी कशी घेणार? परवाच्या रविवारी तिसऱ्यांदा स्टो बारीक झाला तेव्हा पक्या म्हणाला, "तात्या, उद्या दवाखान्यात या. बेडका तपासून टाकू."

"हवा बदललीय रे."

"हवा दसऱ्याला बदलली. आता संक्रांत आली. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की टीबी तपासायचाच."

पक्या पालिकेच्या लॅबमध्ये आहे, उगाच बोलत नाही. तात्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "नातीची बोलणी चाललीत. डोंबिवलीचं स्थळ आहे. तुझ्या त्या खिडकीपुढे मला कुणी उभं बघितलं तर?"

झालं. इथून पेटलं.

नंद्याने चाव्यांचा जुडगा कट्ट्यावर आपटला. नंद्या फ्लॅट दाखवतो, विकतो, भाड्याने देतो आणि राहिलेल्या वेळात आरोग्यावर बोलतो. सकाळी गुळवेलाचा काढा, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. "कुठला टीबी घेऊन बसलास पक्या? गेला तो. आपल्यासारख्यांना होत नाही. इम्युनिटी पाहिजे फक्त. तो सगळा तिकडे आहे," असं म्हणून त्याने गोवंडीकडे हात केला.

विज्या तिकडेच राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याने सहा महिने गोळ्या खाल्ल्यात, आणि हे कट्ट्यावर सगळ्यांना माहीत आहे. नंद्यालाही.

"तिकडे म्हणजे कुठे रे?" विज्याने शांतपणे विचारलं. "तूच गिऱ्हाईक घेऊन येतोस ना आमच्या बिल्डिंगीत? दुसरा मजला बघितलास कधी? भर बाराला ट्यूब लावावी लागते. समोरच्या बिल्डिंगीतली बाई काय फोडणी देतेय ते वासावर नाही, डोळ्यांनी कळतं. ओला टॉवेल तिसऱ्या दिवशी ओलाच. खोकणाऱ्याने सोडलेला श्वास त्या खोलीतून जाणार कुठे? त्याला लिफ्ट नाही."

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती बांधताना मोकळ्या जागेच्या नियमात सवलत देतात, त्यातून हे झालं. काही वर्षांपूर्वी आयआयटी मुंबई आणि डॉक्टर्स फॉर यू ही संस्था यांनी लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींची पाहणी केली होती. दोन इमारतींमध्ये जेमतेम 3 मीटर अंतर. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही आणि टीबी वरच्या मजल्यांपेक्षा जास्त. मला ती बातमी आठवत होती, पण विज्याच्या टॉवेलपुढे ती सांगायची गरज उरली नाही.

"तू ब्रोकरेज घेतोस ते चौरस फुटावर," विज्या पुढे म्हणाला. "उन्हाचं काय घेतोस?"

नंद्या गडबडला, पण हार मानेल तो नंद्या कसला. त्याने मोबाइल काढला. "हे बघ. डब्ल्यूएचओ. 2015 मध्ये लाखामागे 237 रुग्ण होते, 2024 मध्ये 187. 21 टक्क्यांनी उतरला. जगापेक्षा वेगाने. चांगलं झालेलं दिसतच नाही तुम्हाला."

"चांगलंच आहे," पक्या म्हणाला. "पण 2025 पर्यंत 80 टक्क्यांनी उतरवायचा होता. आणि अजून जगातला दर चौथा टीबी रुग्ण आपल्या देशातला आहे. वर्षाला जवळपास 3 लाख माणसं जातात. दिवसाला 800."

टपरीमागच्या भिंतीवर ते पोस्टर अजून आहे, 'टीबी हारेगा, देश जीतेगा'. दोन पावसाळ्यांत निळा रंग धुऊन गेलाय आणि खालच्या कोपऱ्यावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवलीय. 800चा आकडा ऐकून सगळ्यांची नजर तिकडे गेली. खरं सांगायचं तर रोज तिथेच पाठ टेकून बसतो आम्ही, आणि मी ते पोस्टर त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

"कोरोनात एवढी माणसं गेली तेव्हा काय झालं होतं?" विज्या म्हणाला. "सदाची टपरीसुद्धा बंद. कोरोना साहेबाला झाला म्हणून देश थांबला. टीबी साहेबाच्या वॉचमनला होतो."

"बच्चनला झाला होता! मणक्याचा!" नंद्या ओरडला.

"झाला ना. त्याने स्वतः सांगितलं म्हणून तर तुला कळलं. पण त्याला कुणी खोली सोडायला लावली नाही. आमच्या मजल्यावरच्या पोरीला सासरच्यांनी गोळ्यांच्या पिशवीसकट माहेरच्या दारात आणून सोडलं. लग्नाला आठ महिने झाले होते."

तात्यांनी मान खाली घातली. मग त्यांचं नेहमीचं सुरू झालं, थोरले माधवराव, राजयक्ष्मा म्हणजे टीबीच, थेऊर, 1772, वय अवघं 27. हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की सदाही पाठ म्हणतो. या वेळी मात्र तात्या थेऊरवर थांबले नाहीत. गिरणीत त्यांच्या वडिलांबरोबर साच्यावर असलेला एक जण होता, त्याला शिवडीच्या टीबीच्या इस्पितळात नेलं. "तेव्हा शिवडीला नेलं म्हटलं की बायका डोळ्याला पदर लावायच्या. आम्ही पोरं त्यांच्या दारावरून नाक दाबून पळायचो. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता." एवढं बोलून ते गप्प झाले.

"तेव्हा आजच्यासारखं औषध नव्हतं, तात्या," पक्या म्हणाला. "आता आहे. साधा टीबी असला तर सहा महिने, पहिले दोन महिने चार औषधं, पुढे तीन. फुकट. आणि तपासायला आता सूक्ष्मदर्शकावर डोळे फोडायला नकोत. ट्रूनॅट मशीन आहे, दीड-दोन तासांत निकाल, रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही सांगतं. गोव्याच्या कंपनीचं आहे."

"गोव्याला फेणीशिवाय काही होतं होय?" सदाने आतून विचारलं. सदा वेंगुर्ल्याचा, गोव्याचं नाव निघालं की त्याला राहवत नाही.

विज्या मात्र हसला नाही. "गोळ्या फुकट, बरोबर. पण त्या गोळ्यांपर्यंत पोचायला मला अडीच महिने लागले. तीन डॉक्टर, सहा बाटल्या कफ सिरप. वजन 48 झालं तेव्हा चौथ्याने एक्स-रे काढला. वजनाप्रमाणे गोळ्या असतात. माझ्या वाट्याला तीन, सकाळी अनशापोटी. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली आणि मला वाटलं, संपलं आता. कुणी आधी सांगितलंच नव्हतं. आणि 2024च्या मार्चमध्ये आमच्याकडे गोळ्याच संपल्या. नर्सबाई म्हणाली, तीन दिवसांच्या घेऊन जा, मग परत ये."

तो तुटवडा देशभर होता. केंद्राने राज्यांना कळवलं होतं की तूर्त आपापल्या पातळीवर खरेदी करा. गोळ्या मध्येच सुटल्या की जंतू औषधाला सरावतात, हे पक्याच्या लॅबमधल्या शिपायालाही ठाऊक असतं. आणि सरावला की पुढचा रस्ता भयंकर. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन या पत्रकार मुलीची श्रवणशक्ती टीबीच्या इंजेक्शनांनी गेली. तिने आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिलेने मिळून औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवरच्या बेडाक्विलिन या गोळीची पेटंट-मुदत लांबवायला विरोध केला आणि मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा तो अर्ज फेटाळला. आजारातून उठलेल्या दोन मुली. यांचं नाव पोस्टरवर हवं होतं.

"महिना 500 रुपये मिळायचे खाण्यासाठी," विज्या सांगत होता. "आता हजार केलेत. मला तीन महिन्यांचे एकदम आले, तोवर अंडी उधारीवर."

"खाण्यानेच बराच थांबतो," पक्या म्हणाला. "झारखंडमध्ये करून बघितलंय, 2023ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. रुग्णाच्या घरच्यांना माणशी महिन्याला 5 किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली. घरातल्यांना टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. लस नाही, नवीन औषध नाही. डाळ-भात!"

"मग काढा पण चालत असेल," नंद्या पुटपुटला.

आणि मग विज्याने ते काढलं जे दोन वर्षं पोटात ठेवलं होतं. "नंद्या, माझा ग्लास कुणी वेगळा करायला सांगितला होता?"

एकदम शांतता. सदा खाली वाकून दुधाचं पातेलं पुसायला लागला.

"महिनाभर गोळ्या झाल्या होत्या माझ्या. मी विचारून आलो होतो, आता माझ्यापासून धोका नाही म्हणून. सगळ्यांना काचेत आणि मला कागदी कपात. टीबी ग्लासातून होत नाही रे. हवेतून होतो. हवेत तर बसला होतास माझ्याशेजारी."

"मी घाबरलो होतो, विज्या," नंद्या म्हणाला. चाव्या खिशात गेल्या होत्या. "घरात लहान पोर होतं."

"मग मला विचारायचं. पक्याला विचारायचं. सदाच्या कानात कशाला?"

तेव्हा मीही तिथेच होतो. कागदी कप मला दिसला होता आणि मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. हे मी त्या दिवशी विज्याला सांगितलं. तो "असू दे" म्हणाला, पण ते असू देण्यासारखं नव्हतं.

सदाने न विचारता सहा कटिंग काचेच्या ग्लासात आणून ठेवल्या. नंद्याने विज्याचा ग्लास उचलला आणि घोट घेतला.

"अरे, माझा चहा!" विज्या म्हणाला. "कॅरमचे साडेतीनशे आधीच बुडवलेत, आता हा पण?"

"ते तीनशे होते!"

"साडेतीनशे. पावतीवर पक्याची सही आहे."

या गोंधळात पक्याने बॅगेतून झाकणाची छोटी प्लॅस्टिकची डबी काढून तात्यांच्या हातात दिली. "दवाखान्यात येऊ नका. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा, आतून खोकून यात काढायचं. थुंकी नको, बेडका पाहिजे. झाकण घट्ट लावा. मी साडेसातला दारात येतो. कुणी विचारलं तर सांगा, पक्या पेपर टाकायला आला होता."

तात्यांनी डबी उजेडात धरून उलटीसुलटी बघितली. "साठ वर्षं घसा खाकरतोय मी. जिने रंगवतोस म्हणून आधी आईने मारलं, मग बायकोने ओरडून घेतलं. ही पहिली वेळ, कुणीतरी घरी न्यायला येतोय."

सदा इतका हसला की स्टो विझला.

"साडेसात म्हणजे साडेसात," तात्या डबी सदऱ्याच्या खिशात घालत म्हणाले. "आठला नातीचे सासरे फिरायला निघतात."

"ते डोंबिवलीत फिरतात ना, तात्या?"

"तरी पण."