सात्सुकीचा डबा

काल दुपारी लेकीला घेऊन ‘माय नेबर तोतोरो’ हा जपानी ॲनिमेशन सिनेमा बघितला. तिची पहिली वेळ, माझी तिसरी. ती आठ वर्षांची आहे, त्यामुळे तिला काय आवडणार हे ठरलेलंच होतं: मांजरबस. बारा पायांची, आत केसाळ गाद्या असलेली, डोळ्यांचे दिवे लावून धावणारी बस. संध्याकाळपर्यंत सोफ्याची मांजरबस झाली होती आणि मला तिकीट काढावं लागलं.

मी मात्र दर वेळी एका साध्याशा प्रसंगापाशी अडकते. सकाळची गडबड आहे. बाबांना उठायला उशीर झालाय. आणि दहा-अकरा वर्षांची सात्सुकी चुलीपाशी उभी राहून सगळ्यांचे डबे भरतेय. धाकट्या मेईचा, बाबांचा, स्वतःचा. बाबा म्हणतात, अरेच्चा, विसरलोच. कुणी रागवत नाही, कुणी रडत नाही. पोरगी भराभर हात चालवते आणि शाळेला पळते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: हायाओ मियाझाकींचा 1988 चा सिनेमा, स्टुडिओ जिब्लीचा, जेमतेम दीड तासाचा. काळ 1950 च्या दशकातला, गाव तोक्योजवळचं, भातशेतीचं. आई इस्पितळात आहे, म्हणून बाबा दोन मुलींना घेऊन इस्पितळाजवळच्या एका जुन्या घरात राहायला येतात. शेजारच्या रानात तोतोरो नावाचं अगडबंब, मऊ, झोपाळू काहीतरी राहतं. खलनायक नाही, मारामारी नाही. माझी एक मैत्रीण अर्ध्यात बंद करून म्हणाली, ‘अगं, यात काही घडतच नाही!’ आई घरात नसताना मुलांच्या आत जे घडत असतं ते बाहेरून असंच दिसतं बाई. काही घडत नाहीये असं.

इंटरनेटवर यातल्या बाबांचं फार कौतुक चालतं. आदर्श बाप म्हणे. माणूस गोड आहे, नाही कशाला म्हणू. मेई सांगते मला रानात तोतोरो भेटला, तर तो तिला खोटं पाडत नाही. तू वनदेवाला भेटलीस, भाग्यवान आहेस असं म्हणतो आणि मुलींना घेऊन त्या जुन्या झाडापुढे वाकून नमस्कार करतो. वादळी रात्री घर करकरायला लागलं की तिघं न्हाणीघरात मोठमोठ्यानं हसतात, भीती पळून जावी म्हणून. पण डबा कोण करतं? धाकटीला कोण सांभाळतं? ते कौतुक वाचताना मला आमच्या नात्यातल्या बायका आठवतात. आईवेगळं घर रेटणाऱ्या पुरुषाला सगळे ‘बिचारा’ म्हणतात आणि त्याच घरात पोळ्या लाटणाऱ्या मुलीला ‘शहाणी’.

मी ती शहाणी होते. 1990, इस्लामपूर. मी दहा वर्षांची, भाऊ पाच. आईला मिरजेला ठेवलं होतं. टीबी हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे, ‘आईला बरं नाही’ एवढंच. गंमत म्हणजे सिनेमातही त्या आईच्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. मियाझाकींच्या स्वतःच्या आईला मणक्याचा क्षय होता आणि त्यांच्या लहानपणातली कित्येक वर्षं ती अंथरुणावर होती, हे मी नंतर वाचलं. तेव्हा कळलं की सात्सुकीच्या वागण्यातले बारकावे कुठून आलेत. इस्पितळात मेई थेट आईच्या कुशीत शिरते. सात्सुकी जरा लांब थांबते. मग आई तिला जवळ बोलावून तिचे केस विंचरते, तेवढा वेळ ती फक्त मुलगी असते. तो कंगवा फिरताना बघून मी पहिल्यांदा रडले होते. माझी वेणी तेव्हा काकू घालायची, इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे.

आम्ही एकदाच मिरजेला गेलो, लाल एसटीनं. लहान मुलांना वर सोडत नसत. बाबा म्हणाले, खाली उभे राहा, आई खिडकीत येईल. भाऊ चुकीच्या खिडकीकडे बघून जोरजोरात हात हलवत राहिला. तिथल्या कुणा अनोळखी बाईनंही त्याला हात केला. मी त्याला सांगितलं नाही.

सिनेमाचा खरा जीव त्या तारेनंतर आहे. इस्पितळाची तार येते, आईचं शनिवारचं घरी येणं लांबतं. मेई हटून बसते, सात्सुकी तिच्यावर खेकसते: आई मेली तरी चालेल का तुला? आणि मग इतके दिवस डबे भरणारी, हसणारी, सगळं नीट करणारी ती मुलगी शेजारच्या आजीसमोर ढसाढसा रडते. मागच्या वेळीही थोडेच दिवस म्हणाले होते, तेव्हाही साधी सर्दीच म्हणाले होते. मोठ्यांच्या ‘काही नाही गं, थोडेच दिवस’ वर तिचा विश्वास कधीचाच उडालेला असतो, फक्त तिनं ते कुणाला दाखवलेलं नसतं. मेई हे लांबून बघते. आपली ताई रडते म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे तिला बरोबर कळतं. आजी म्हणालेली असते की माझ्या मळ्यातलं खाल्लं की तुमची आई बरी होईल. म्हणून चार वर्षांची ती पोर मक्याचं एक कणीस पोटाशी धरून एकटीच इस्पितळाच्या वाटेला लागते आणि हरवते.

इथं सात्सुकी तोतोरोकडे धावते, आणि तो तिच्यासाठी मांजरबस बोलावतो. बसच्या कपाळावरची पाटी फिरत फिरत ‘मेई’वर येऊन थांबते. मेई सापडल्यावर पाटी पुन्हा फिरते आणि इस्पितळाचं नाव येतं. लेक टाळ्या वाजवत होती. मी एसटी स्टँडवर उभी होते, कधीही न आलेल्या गाडीची पाटी वाचत.

माझी एकच तक्रार आहे. आई घरी आल्याची चित्रं शेवटी नावं सरकताना दिसतात आणि आपल्याकडे तोवर दिवे लागलेले असतात, रिमोट शोधणं सुरू असतं. तेवढं बघा. सात्सुकी त्यात पुन्हा इतर पोरांसारखी खेळताना दिसते.

रात्री भावाला फोन केला. म्हटलं, आई मिरजेला होती तेव्हाचं तुला काय आठवतं? बराच वेळ विचार करून म्हणाला, ‘एका खिडकीतून आईनं मला हात केला होता. आणि ताई, तुझ्या पोळ्या करपलेल्या असायच्या.’

‘अजूनही असतात,’ मी म्हटलं. खिडकीचं या वेळीही सांगितलं नाही.