हात मोकळेच आहेत ना?

काल संध्याकाळपासून माझ्या उजव्या अंगठ्याचं नख हिरवट-काळं झालंय. मेथीमुळे. मेथी माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

दोन महिन्यांपूर्वी इगतपुरीला, धम्मगिरीवर, दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आले. पहाटे चारची घंटा, आर्य मौन, फोन जमा. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. आला, गेला. मोजायचाही नाही. निघताना सांगतात, घरी रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा. मी हो म्हटलं. दहा दिवस आयतं जेवलेली बाई कशालाही हो म्हणते.

सकाळचा तास कुकरने खाल्ला. मी डोळे मिटले की सासूबाई म्हणणार, "बसलीच आहेस तर शिट्ट्या मोज गं." तिसरी की चौथी या घोळात डाळीचा पार लगदा झाला. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस जाहीर केला म्हणे. अख्खा दिवस राहू दे, मला अर्धा तास द्या. आतून कडी लागेल असा.

म्हणून संध्याकाळची लोकल. सीएसएमटीला चढलं की बसायला मिळतं आणि डोंबिवलीपर्यंत तास-सव्वा तास आपलाच. काल खिडकी मिळाली. पाठ ताठ, डोळे बंद. आला, गेला.

"चक्कर येतेय का हो?"

डोळे उघडले. शेजारी पोपटी ड्रेस, मांडीवर पसरलेला पेपर, त्यावर मेथी.

"नाही, नाही. बरी आहे मी."

"मग उपास असेल. लिमलेट देऊ?"

"नको. ध्यान करतेय."

"अय्या, छान! माझी नणंदही करते. तिला थायरॉइड आहे." पुढे नणंदेच्या गोळ्या, त्या गोळ्यांनी वाढलेलं वजन, त्या वजनावरून तिच्या नवऱ्याने काढलेले उद्गार, हे सगळं भायखळ्यापर्यंत पुरलं. मी डोळे मिटले. समोरची म्हणाली, "झोपल्यात त्या." पोपटी म्हणाली, "झोपल्या नाहीत, ध्यान करतायत. मान बघा ना, पडत नाहीये." मग चौथ्या सीटवरचीनेही वाकून माझी मान बघितली. टिकल्या-क्लिपा विकणारी तेवढ्यात माझ्या नाकासमोर पुठ्ठा धरून उभी राहिली. मी डोळे उघडेपर्यंत ती हटली नाही.

दादर गेलं. कुठे जरा श्वास सापडत होता, तर मांडीवर काहीतरी ओलं, गार पडलं.

"ताई, ध्यान मनाने करायचं असतं ना? मग हात मोकळेच आहेत. एवढी एक जुडी घ्या. चार माणसं जेवायला आहेत हो घरी."

नाही म्हणायला हवं होतं. पण सगळा डबा बघत होता आणि नुकतीच विपश्यना करून आलेली बाई मेथीवरून भांडली असती तर कसं दिसलं असतं? मी निवडली. आता कुणीतरी म्हणेल, मेथी निवडणं हेच खरं ध्यान. असं म्हणणाऱ्याने जन्मात सलग दोन जुड्या निवडलेल्या नसतात.

मला राग पोपटीचा नाही. खरंच नाही. (थोडा आहे.) पण आमचे हे त्याच गाडीने येतात, जेन्ट्स डब्यातून. तिथे लोक भायखळ्यापासून कल्याणपर्यंत तोंड उघडं टाकून झोपतात, पत्ते कुटतात, टाळ वाजवतात. आजवर एकाच्याही मांडीवर कुणी कोथिंबीर टाकल्याचं ऐकलं नाही. बाई डोळे मिटून बसली की आजारी तरी असते, नाहीतर रिकामी.

ठाण्याला दुसरी जुडी आली. विचारलंही नाही.

डोंबिवलीला उतरायला दारापाशी उभी होते. मागून पोपटी पिशवीत हात घालून पाला चाळत होती.

"देठं फार ठेवलीत हो तुम्ही," ती म्हणाली. "लक्ष नव्हतं वाटतं."