पन्नास शब्दांची परीक्षा

आत्या पुढच्या महिन्यात तीन महिन्यांसाठी येतेय. तिला इथं मेलबर्नमध्ये काय काय दाखवायचं याची यादी करत बसले होते. यादीत इमिग्रेशन म्युझियम लिहिलं आणि त्याच रात्री घरच्या ग्रुपवर भांडण पेटलं. विषय तोच: मुंबईत राहायचं तर मराठी आलीच पाहिजे. कुणीतरी एका दुकानदाराला दमदाटी करतानाचा व्हिडिओ टाकला होता आणि खाली शाबासकीचा पाऊस. मी एवढंच लिहिलं, की भाषा शिकवावी लागते, कानफटात मारून ती येत नाही. त्यावर डोंबिवलीच्या चुलतभावाचं उत्तर आलं : "ताई, ऑस्ट्रेलियात इंग्रजी आल्याशिवाय घेतात का? तूही परीक्षा देऊनच गेलीस ना? मग आम्ही मराठी मागितली तर आम्ही गुंड?" खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझ्या आईचा.

गेले चार दिवस मी त्याला मनातल्या मनात उत्तर देतेय. डबे भरताना, स्टेशनावर मायकी (इथलं प्रवासाचं कार्ड) टॅप करताना, मीटिंगमध्येसुद्धा.

परीक्षा मी दिली, हे खरं आहे. दोनदा दिली. पहिल्यांदा लेखनात अर्धा गुण कमी पडला, तेव्हा लालबागच्या मराठी शाळेतली दहा वर्षं मला ओझ्यासारखी वाटली होती. पण त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर फ्लिंडर्स स्ट्रीटवरच्या त्या म्युझियममध्ये आहे, आणि ते त्याला आवडणार नाही.

इमारत जुन्या कस्टम हाऊसची, 1876 साली पुरी झालेली. म्युझियम तिथं 1998 पासून आहे. देशात कुणाला घेतलं आणि कुणाला नाही, याचं एक अख्खं दालन आहे. 1901 साली ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं आणि त्याच डिसेंबरात त्यांनी कायदा केला, की येणाऱ्या माणसाला अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा सांगेल आणि तो त्यानं लिहून दाखवायचा. कोणत्याही युरोपीय भाषेत. भाषा अधिकाऱ्यानं निवडायची. कायद्यात गोरा-काळा हा शब्द कुठंच नव्हता, त्याची गरजच नव्हती. आमच्यासारखा कुणी समोर आला आणि इंग्रजी फाडफाड लिहू लागला, तर त्याला दुसऱ्या भाषेतला उतारा देता येत होता. पहिल्या आठ वर्षांत 1,359 जणांना ही परीक्षा दिली गेली, पास झाले 52. 1909 नंतर एकही नाही. हे 1958 पर्यंत चाललं.

1934 साली एगॉन किश नावाचा लेखक बोटीनं इथं आला. प्रागचा ज्यू, हिटलरविरुद्ध बोलणारा. सरकारला तो नको होता. त्याला उतरू देईनात, तेव्हा त्यानं मेलबर्नच्या धक्क्यावर बोटीवरून उडी मारली आणि पाय मोडून घेतला. त्याला अनेक युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून सिडनीत त्याची परीक्षा स्कॉटिश गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत घेतली. तो नापास झाला. पुढं हायकोर्टानं म्हटलं, की या कायद्याच्या अर्थानं गेलिक ही युरोपीय भाषाच नव्हे, आणि तो सुटला.

माझ्या भावाला मी हे दाखवू इच्छिते. भाषा दोन कारणांसाठी मागता येते. एक, माणूस आपल्यात यावा म्हणून. आणि दुसरं, तो बाहेर राहावा म्हणून. मागणाऱ्याचा हेतू ओळखायचा तर समोरच्याला चुकण्याची मुभा आहे का, ते बघावं. व्हिडिओतला तो दुकानदार "शिकतो" असं म्हणत होता. पण ते ऐकायला तिथं कुणी उभंच नव्हतं.

आजचा ऑस्ट्रेलियाही इंग्रजी मागतो. पण 1948 पासून तो नवीन आलेल्यांना इंग्रजी फुकट शिकवतोही. 1973 पासून इथं फोनवर दुभाषी मिळतो. माझ्या बाळंतपणात शेजारच्या खाटेवर एक व्हिएतनामी आजी होती, नर्सनं फोन लावला आणि दुभाष्यानं म्हातारीला तिच्या भाषेत विचारलं, कुठं दुखतंय. मला तेव्हा भरून आलं होतं. आणि मनात आलं होतं, परळच्या सरकारी दवाखान्यात माझ्या आजीला, जिला मालवणीशिवाय काही येत नव्हतं, असं कुणी विचारलं असतं तर. आपण मराठीसाठी एवढे पेटून उठतो, पण बिहारहून आलेल्या टॅक्सीवाल्यानं संध्याकाळी मराठी शिकायला जायचं म्हटलं, तर त्याला पत्ता देऊ शकेल असा आमच्या ग्रुपवर एकही माणूस नाही. हे मी लिहिलं. उत्तर आलं, "तिथं बसून बोलायला सोपं आहे."

सोपं नाही. पण ते राहू दे.

मला या म्युझियमला आत्याला न्यायचंय ते वेगळ्याच कारणानं. आजोबा देवगडकडून मुंबईत आले ते गिरणीत लागायला. गावकीच्या खोलीत वीस-बावीस जण, पाळ्यांप्रमाणे झोपणारे. भिंतीला ज्याची त्याची पत्र्याची ट्रंक, जेवण खाणावळीत, पैसे मनीऑर्डरनं गावी. भाऊ म्हणेल, ते आपल्याच मुलखात आले, त्यांची तुलना कशी होईल? बरोबर आहे. मराठी मुंबईत मराठी माणूस उपरा नव्हता, आणि गिरणगाव नसता तर ही मुंबई उभी राहिली नसती, हे मीही कुणालाही ठणकावून सांगेन. पहिलीपासून हिंदी आणायचा निर्णय 2025 च्या जूनअखेरीस मागं घ्यावा लागला, तेव्हा मी इथं ऑफिसात एकटीच आनंदले होते. पण आजोबा आले तेव्हा अंगावरचे कपडे आणि ती ट्रंक एवढंच त्यांच्याजवळ होतं, हेही खरं आहे.

म्युझियममध्ये तशाच ट्रंका काचेमागे आहेत. ग्रीकांच्या, इटालियनांच्या. पहिल्यांदा गेले तेव्हा मी एकीसमोर फार वेळ उभी राहिले. आजोबांची ट्रंक आमच्याकडे नाही. लालबागची खोली विकली तेव्हा ती भंगारवाल्याला द्या, असं मीच म्हटलं होतं. व्हिसा आलेला होता. मला घाई होती.

आता गेल्या रविवारचं. मंडळाच्या मराठी शाळेतून लेक आली. अकरा वर्षांची. भावाचा मेसेज माझ्या डोक्यात होताच. मी तिला म्हटलं, बस, शुद्धलेखन घालते. तिच्याच पुस्तकातला उतारा, मोजून पन्नास शब्द. तिनं सतरा बरोबर लिहिले. 'पाऊस'चा 'पावूस', 'ज्ञान' तर आलंच नाही. आणि मी तिच्यावर ओरडले : इतकी वर्षं घरात मराठी बोलतोय, तुला येत कसं नाही? ती काही बोलली नाही, पेन्सिल खाली ठेवली. माझ्या आवाजात कोणाचा आवाज होता, हे मला लगेच कळलं. त्या व्हिडिओतला.

तिला मराठी समजतं, उत्तर ती इंग्रजीत देते. माझ्या इंग्रजीला इथं अजून अधूनमधून "सॉरी?" म्हणतात आणि डोंबिवलीत माझ्या मराठीतल्या इंग्रजी शब्दांना हसतात. मी भावाशी एवढी तावातावानं भांडते, ती त्या दुकानदारासाठीच का, हे मला खात्रीनं सांगता येत नाही. आईचा तो अंगठा मला सर्वांत जास्त लागला. तिला म्हणायचं असेल की भाषा जपा. मला ऐकू आलं, की तू गेलीस.

तर बेत असा. शनिवार नको, आमच्या टार्नीट उपनगराकडच्या रुळांची कामं आहेत, रेल्वेऐवजी बस. रविवारी मराठी शाळा बुडवायची. सदर्न क्रॉस स्टेशनला उतरून चालत जायचं, आत्याचे गुडघे कुरकुरले तर ट्राम आहे. सकाळी दार उघडताच आत जायचं, म्हणजे गर्दी नसते. लेकीला तिकीट नाही. तिथल्या पाट्या इंग्रजीत आहेत. त्या वाचून आत्याला मराठीत सांगायचं काम लेकीचं, असं मी ठरवलंय. अडली तर अडली, मी मध्ये बोलणार नाही.

काल फोनवर आत्याला हे सगळं सांगितलं, बोटीतल्या खोल्यांची प्रतिकृती आहे तेही. लहानपणी ती विजयदुर्गाहून बोटीनं मुंबईला यायची. पडावातून बोटीवर चढायचं, डेकवर वळकटी पसरायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. कुळथाचं पीठ आणू का, ते एअरपोर्टवर काढून घेतात का, असं ती विचारत होती. फॉर्मवर लिहून टाक, म्हटलं. मग थोडं थांबून म्हणाली, "त्या बोटीत बसायला मिळतं का गं?"