सदाफुलीचा रस पाजण्याआधी
परवा आर्वीकडच्या आमच्या गावी गेलो, तर चुलतवहिनी पाट्यावर सदाफुलीची पानं वाटत बसलेली. शेजारी स्टीलच्या वाटीत हिरवट रस. सात वर्षांच्या पुतण्याला रक्ताचा कॅन्सर आहे, नागपूरला केमो चालू आहे. "भाऊजी, पेशी तं नॉर्मल आल्या. मंग पोराले सुया कायले टोचाच्या अजून?" म्हणत तिनं मोबाइल पुढे केला. तालुकाभर फिरलेला तोच मेसेज: केमोची औषधं उंदरांवर तपासलेली, माणूस म्हणजे उंदीर नव्हे, सगळा कंपन्यांचा कट, रिपोर्ट नॉर्मल आला की केमो सोडा आणि एकवीस दिवस सदाफुलीचा रस द्या.

आधी रसाचंच बोलतो, माझं डोकं तिथंच फिरलं. सदाफुलीतून केमोचं औषध निघतं, खरं आहे. व्हिन्क्रिस्टीन. पोराला शिरेतून देतात तेच. पण हा शोध लागला कसा? 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर मधुमेहासाठी हा पाला तपासत होते. उंदरांना तो पाजला, साखर ढिम्म हलली नाही. अर्क टोचला, तर पांढऱ्या पेशी धडाधड उतरल्या आणि उंदीर जंतुसंसर्गानं मेले. रक्ताच्या कॅन्सरात याच पेशी बेसुमार वाढतात, म्हणून या झाडाचा त्याच्याशी संबंध जुळला तो तिथून. म्हणजे उंदरांवर विश्वास ठेवू नका म्हणणारा हा शहाणा उंदरांनीच दाखवलेलं झाड आपल्याला पाजतोय! एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीनला सुमारे 500 किलो वाळलेली पानं लागतात. वहिनीकडे मूठभर, तीही ओली, अंगणातली. आणि केमोनं ज्याच्या पांढऱ्या पेशी केव्हाही उतरू शकतात, त्या पोराच्या पोटात हा कच्चा, विषारी रस जाणार होता.

पेशी नॉर्मल, मग सुया कशाला? याचंही उत्तर उंदरांकडेच आहे. 1964 साली अमेरिकेत हॉवर्ड स्किपर यांनी दाखवलं की ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, एकच पेशी टोचली तरी उंदीर मरू शकतो, आणि औषधाची प्रत्येक मात्रा उरलेल्या पेशींचा ठरावीक हिस्साच मारते. अंगात एक लाख कोटी पेशी असतील आणि हजारातल्या 999 मेल्या, तरी शंभर कोटी उरतात. रिपोर्ट मात्र चांगला. म्हणून उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. वहिनीला म्हटलं, डवरणीनंतर वावर स्वच्छ दिसतं, पण हरळीची कांडी मातीत राहते ना? तेव्हा कुठं ती थांबली.

माणूस उंदीर नव्हे, हे मात्र मान्य करावं लागेल. उंदरात जमलेली कितीतरी औषधं माणसात फसली आहेत. म्हणूनच पुढे माणसांवर टप्प्याटप्प्यानं चाचण्या होतात, आणि आता प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत माणसाच्याच ल्युकेमियाच्या पेशी वाढवून औषधं तपासतात.

कंपन्यांचा कट? व्हिन्क्रिस्टीन 1963 पासून वापरात आहे, पेटंट केव्हाच संपलं, कुठलीही कंपनी ते बनवू शकते. पुढे बोलायची गरज नाही.

रस मी मोरीत ओतला. वहिनी अजून फुरंगटलेली आहे, पण शुक्रवारच्या पहिल्या एसटीनं पोराला घेऊन निघणार आहे. मेसेज धाडणारा तिचा सख्खा भाऊ. त्याचा फोन कालपासून लागत नाही.