नाव न लिहिता केलेल्या तक्रारीचं करायचं काय? – एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक त्रस्त सभासद’ यांस,

तुमची प्रतिक्रिया वाचली. आमच्या नेरुळच्या सोसायटीने वार्षिक सभेआधी घरोघरी अभिप्रायाचे कागद कसे वाटले, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, ‘हे सगळं नाटक आहे. नाव आणि फ्लॅट नंबर लिहायला लावल्यावर खरं कोण लिहिणार? कमिटीला हवं तेच कागदावर आलं.’ शिवाय गूगल फॉर्म का नाही, मुदत एवढी कमी का, भाडेकरूंना का विचारलं नाही, हेही आहेच.

नाटक कुणाला म्हणताय? आमची इमारत सिडकोची, लिफ्ट नाही. कामावरून आल्यावर कपडेही न बदलता जिने चढून, दारं वाजवून ज्यांनी हे कागद वाटले आणि गोळा केले, त्यांना एक पैसा मिळत नाही. त्यातल्या एक काकू गुडघेदुखी असून दोन्ही विंग फिरल्या. पद्धत चुकली म्हणा, मी ऐकून घेईन. पण हेतूवर शिंतोडे उडवायचे आणि खाली स्वतःचं नावही लिहायचं नाही, ही कुठली रीत?

आता नावाचं. माझे वडील याच सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांच्या काळात जिन्याखाली निनावी तक्रारपेटी होती. रविवारी ती उघडली की त्यातून काय निघायचं, ते मी लहानपणी शेजारी बसून पाहिलंय. कुणाची मुलगी रात्री किती वाजता येते, कुणाकडे कोण पाहुणे येतात. पाणी, ड्रेनेज, मीटरची खोली यांबद्दल क्वचितच एखादी ओळ. वडिलांनी ती पेटी बंद केली, आणि योग्य केलं असंच मी आजही म्हणेन.

या वेळचंच घ्या. एका कागदावर नुसतं ‘पाणी येत नाही’, ना नाव ना नंबर. त्याचं काय करायचं? दुसऱ्यावर लिहिलं होतं: बी विंग, तिसरा मजला, स्वयंपाकघरातला नळ, सकाळी सातनंतर धार बारीक होते. प्लंबर सरळ गच्चीवर गेला. टाकीतून त्या लाइनला उतरणारा व्हॉल्व्ह गंजून अर्ध्यावर अडकला होता. तो बदलला आणि त्या लाइनवरच्या सगळ्या घरांत पाणी नीट आलं. तोवर सगळे महापालिकेला बोल लावत होते, नवी मुंबईला पाणी पुरवणारं मोरबे धरण भरलेलं असूनही! फ्लॅट नंबर नसता तर तो व्हॉल्व्ह सापडला असता का, सांगा.

वरच्या मजल्यावरच्या माणसाविरुद्ध लिहायला लोक घाबरतात, हे तुम्हाला सुचवायचं असेल, तर नोटीस बोर्डावर फक्त मुद्दे लागले, नावं नाहीत. लेखात ते स्पष्ट लिहिलंय. वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

मुदत कमी पडली, हे मान्य. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना एक शनिवार-रविवार पुरत नाही. पण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, नोटीस १४ दिवस आधी द्यावी लागते, आणि मुद्दे विषयपत्रिकेत यायचे तर कागद त्याच्याही आधी हातात हवेत. पुढच्या वर्षी जुलैतच वाटू. गूगल फॉर्म आणि भाडेकरू हे विषय वेगळे आहेत, त्यात आत्ता शिरत नाही.

आणि कमिटी ऐकतच नाही असं खरोखर वाटत असेल, तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात वाट आहे. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. त्या मागणीवर सह्या कराव्या लागतात, हे मुद्दाम सांगतो. सोसायटी एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांवरच चालते. मला या घरांची काळजी आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

तुम्ही आमच्याच सोसायटीतले असाल, तर कोरा कागद ऑफिसात रात्री आठ ते नऊ मिळतो. मुदत संपली असली तरी तुमचा घेऊ. फ्लॅट नंबरची जागा मात्र भरून द्या.